उपाशी पित्ताशय आणि तुपातला शिरा

मागच्या श्रावणात मुलुंड पूर्वेच्या एका सोनोग्राफी केंद्रात मी सकाळी आठ वाजता जाऊन बसलो, तो आदल्या रात्रीपासून पाण्याखेरीज काही न घेता, पण मांडीवर साजूक तुपात न्हालेल्या शिऱ्याचा डबा घेऊन. नोंदवहीशी बसलेल्या मुलीने प्रथम डब्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, आणि "काका, उपाशीपोटी यायला सांगितलं होतं ना?" असा रास्त सवाल केला. उपाशीच आलो आहे आणि हा डबा डॉक्टरांच्याच हुकमाने आणला आहे, असे मी सांगितल्यावर तिने आत जाऊन खात्री करून घेतली. ज्या माणसाच्या औषधांच्या प्रत्येक कागदावर गेली काही वर्षे "तूप बंद" असा शेरा पडत आला, त्याला वैद्यकाच्याच कचेरीतून तूप खाण्याचे फर्मान निघावे, हा योग आयुष्यात एकदाच येतो. आणि घरून निघताना सौभाग्यवतींनी शिऱ्यावर सोडलेली तुपाची धार पाहता, तो त्यांनीही ओळखला होता असे दिसते.

दुखणे जुनेच होते. जेवणानंतर तासा-दीड तासाने उजव्या बरगडीखाली कळ यावी, ती मागे खांद्याच्या फऱ्याकडे जावी आणि घटकाभराने आपणहून ओसरावी, असे महिन्या-दोन महिन्यांनी घडे. घरच्या न्यायसभेत या कळेचा निकाल "पित्त" या एका शब्दात लागलेला होता. पूर्वी दोनदा सोनोग्राफी झाली होती आणि दोन्ही वेळा पित्ताशय स्वच्छ, खडा नाही, भिंत जाड नाही, असा निर्वाळा मिळाला होता. त्यावर एका स्नेह्याने, ज्यांचे स्वतःचे पित्ताशय दुर्बिणीतून काढलेले आहे आणि जे तेव्हापासून त्या शस्त्रक्रियेचे बिनपगारी प्रचारक झाले आहेत, मला सल्ला दिला की उगाच कशाला ठेवता, काढून टाका. आमचे डॉक्टर मात्र जुन्या वळणाचे. ते म्हणाले, "पित्ताशय दिसतं कसं ते दोनदा पाहिलं, ते काम कसं करतं ते अजून कोणीच पाहिलेलं नाही." या एका वाक्यापायी मी शिऱ्याचा डबा घेऊन त्या बाकावर बसलो होतो, आणि हा लेखही त्या वाक्यापायीच लिहीत आहे.

मराठी माणसाला पित्ताची ओळख जितकी जुनी, तितकीच ती घोटाळ्याची आहे. आपल्याकडे रागाने पित्त खवळते, जागरणाने पित्त होते, अंगावर गांधी उठल्या तर पित्त उठते आणि आंबट ढेकर आला तर पित्त वाढते. यांपैकी एकाही गोष्टीचा यकृताखाली लपलेल्या त्या हिरवट पिशवीशी थेट संबंध नाही. आयुर्वेदातील पित्त हा शरीरातील उष्णतेचा आणि पचनाचा व्यापक तत्त्वविचार आहे. त्याचे पाचक, रंजक, साधक, आलोचक आणि भ्राजक असे पाच प्रकार सांगितलेले आहेत, आणि सुश्रुताने शरीरातील आशयांची यादी करताना मूत्राशय, पक्वाशय यांच्याबरोबर पित्ताशयाचाही उल्लेख केला आहे. आधुनिक शारीरशास्त्राने मराठीत येताना हाच शब्द उचलला आणि एका विशिष्ट अवयवाला चिकटवला. शब्द तयार मिळाला हे सोयीचे झाले. पण त्याबरोबर जुने अर्थही पाठोपाठ आले, आणि "मला पित्ताचा त्रास आहे" असे म्हणणारा माणूस जठरातील आम्लाविषयी बोलतो आहे की पित्तरसाविषयी, हे ठरवण्यात डॉक्टरांचा पहिला पाव तास खर्ची पडू लागला. पित्ताशयातील खड्याशी मात्र आपला परिचय खरोखरच प्राचीन आहे. गंधाच्या आणि औषधांच्या यादीत मानाने नांदलेले गोरोचन म्हणजे गाईबैलांच्या पित्ताशयात सापडणारा खडाच होय. जी वस्तू जनावराच्या पोटात निघाली तर सोन्याच्या तोलाने विकावी, तीच माणसाच्या पोटात निघाली तर शस्त्रवैद्याची फी भरून टाकून द्यावी, हा व्यवहार थोडा विचित्र खरा.

हा अवयव आहे तरी केवढा? यकृताच्या उजव्या खंडाच्या तळाशी चिकटलेली, लहानशा पेअरच्या आकाराची, सात ते दहा सेंटिमीटर लांबीची पिशवी. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर, म्हणजे चहाच्या अर्ध्या कपाहून कमी, रस मावतो. यकृत दिवसाकाठी अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते आणि रात्रंदिवस करते; आतड्याला मात्र तो हवा असतो जेवणानंतर. पाणी चोवीस तास येत नाही म्हणून सोसायटीच्या गच्चीवर टाकी बांधतात. येथे उलट पाणी चोवीस तास येते आणि नळ मात्र दिवसातून दोन-तीनदाच उघडायचा असतो, म्हणून टाकी. परंतु अर्ध्या कपाच्या टाकीत अर्ध्या रात्रीची तरी आवक मावावी कशी? याचे उत्तर मुलुंडकरांना समजावयास सोपे आहे, कारण पूर्वेला खाडीच्या बाजूस मिठागरे होती आणि त्यांचे नाव मिठागर रस्त्याच्या रूपाने अजून आपल्या पत्त्यांवर आहे. आगरात समुद्राचे पाणी घेऊन ते उन्हात आटवतात आणि मीठ राखतात. पित्ताशयाची भिंतही आलेला रस आटवते, पाच ते दहा पटींनी दाट करते. फरक एवढाच की ऊन तेथे नसल्यामुळे ती भिंत आधी साधे मीठ ओढून घेते आणि त्याच्या मागे पाणी आपोआप जाते, व मागे राहतात ते पित्तक्षार, कोलेस्टेरॉल आणि रंगद्रव्ये. हे आटवणे प्रमाणात झाले तर साठा. रस फार वेळ पडून राहिला तर गाळ. आणि गाळही उपसला गेला नाही तर त्यातून कालांतराने खडा. पित्ताशयाच्या विकारांचा निम्मा इतिहास "पडून राहणे" या दोन शब्दांत आलेला आहे.

उपसण्याचा बंदोबस्त निसर्गाने मोठा चोख ठेवला आहे. जेवणातला स्निग्धांश जठरातून पुढे सरकून लहान आतड्याच्या पहिल्या वळणात उतरला, की तेथील पेशी रक्तात एक संप्रेरक सोडतात. ते पित्ताशयाला आकसण्याचा आणि त्याच वेळी आतड्याच्या तोंडाशी असलेल्या, ओड्डीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्नायूच्या दाराला उघडण्याचा, असे दोन हुकूम एकदम देते. रुगेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्याने त्या दाराचे वर्णन १८८७ साली केले. संप्रेरक मात्र १९२८ साली शिकागोत आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी दाखवले व त्याला कोलेसिस्टोकायनिन असे नाव दिले, ज्याचा ग्रीकातून अर्थ निघतो पित्ताशय हलवणारे. शिऱ्यातल्या तुपाचे प्रयोजन ते हेच. साखर त्या पेशींना फारसे जागे करीत नाही. तूप, लोणी, साय, अंड्याचा बलक हे करतात. पित्ताशय जोरकस रिते व्हायला एका जेवणात सुमारे १० ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे दोन चहाचे चमचे तूप, पुरते. माझ्या डब्यात याच्या तिप्पट असावे.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे, कारण पित्ताशयाच्या परीक्षेचा इतिहास ही एका प्रश्नाच्या हरवण्याची कथा आहे. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात पित्ताशय दिसत नाही. १९२४ साली अमेरिकेत सेंट लुई येथे एव्हार्ट्स ग्रॅहॅम आणि वॉरन कोल या दोघा शल्यवैद्यांनी अशी युक्ती काढली की क्ष-किरण अडवणारे एक द्रव्य शरीरात द्यावे, जे यकृत पित्तरसातून बाहेर टाकते. ते पित्ताशयात जाऊन आटले की त्याची पांढरी आकृती फोटोत उमटते. पुढे या द्रव्याच्या गोळ्या निघाल्या. ज्यांचे वय आज सत्तरीच्या पुढे आहे त्यांपैकी कित्येकांना आठवत असेल, की रात्री जेवणानंतर गोळ्या घ्यायच्या, सकाळी उपाशीपोटी फोटो काढायचा, मग काहीतरी तेलकट-तुपकट खाऊन दुसरा फोटो काढायचा. एडवर्ड बॉयडन या शारीरशास्त्रज्ञाने तर अंड्याचे बलक आणि साय यांचे मिश्रण या कामासाठी असे रूढ केले, की त्याला बॉयडनचे जेवण हेच नाव पडले. या जुन्या तपासणीत गैरसोयी होत्या, किरणांचा उपद्रव होता, कावीळ झालेल्याला ती करता येत नसे आणि लहान खडे कधीकधी निसटत. पण तिच्यात एक गुण होता: ती पित्ताशयाला कामाला लावून पाहत असे. पित्ताशयाला रस आटवता आला नाही तर आकृतीच उमटत नसे, आणि आकसता आले नाही तर दुसऱ्या फोटोत ती लहान होत नसे. अवयवाचे रूप आणि त्याचे कर्म यांची साक्ष एकाच फिल्मवर मिळत असे.

मग ध्वनी आला. काही स्फटिकांना दाबले की त्यांत वीज उत्पन्न होते, हे क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवले होते. याच्या उलट अशा स्फटिकाला वीज दिली की तो कंप पावतो. हा कंप मानवी कानाच्या मर्यादेच्या, म्हणजे सेकंदाला वीस हजारांच्या, कितीतरी पलीकडचा करता येतो. पोटाच्या सोनोग्राफीत तो सेकंदाला साधारण ३५ ते ५० लाख असतो. हा ध्वनी शरीराच्या मऊ भागातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर या वेगाने जातो, दोन भिन्न पदार्थांच्या सीमेवर थोडा परततो, आणि परत यायला किती वेळ लागला यावरून सीमा किती खोल आहे ते यंत्र मांडते. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी कारखान्यात धातूतील भेगा शोधण्यासाठी वापरले जाणारे यंत्र पोटावर लावून पाहिले आणि १९५८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत दिला. पित्ताशय हे या यंत्राचे जणू लाडके अपत्य. द्रवातून ध्वनी परतत नाही, म्हणून ते पडद्यावर स्वच्छ काळे दिसते. खडा मात्र ठिणगीसारखा चमकतो, आपल्यामागे काळी सावली टाकतो, आणि रुग्ण कुशीवर वळला की गडगडत खाली जातो. ना गोळ्या, ना किरण. १९८० च्या सुमारास गोळ्यांची ती जुनी तपासणी मागे पडली आणि पुढे जवळजवळ लुप्तच झाली. खडा शोधण्याच्या कामात हा बदल निर्विवाद हिताचा झाला. परंतु त्या घाईत दुसरा फोटो विसरला गेला. पित्ताशयात काय आहे, हा प्रश्न राहिला. पित्ताशय काय करते, हा प्रश्न नित्याच्या कागदावरून उतरला. यंत्राला तो विचारता येत नव्हता असे नाही. तो विचारण्याची रीत मोडली, एवढेच.

आत घेतले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी उजव्या बरगडीखाली गार लेप लावला आणि "मोठा श्वास घ्या काका, धरून ठेवा... सोडा," या पाळीवर मला पाच-सहा वेळा फिरवले. श्वास धरला की यकृत खाली सरकते आणि त्याच्या खिडकीतून पित्ताशय नीट दिसते. मग डाव्या कुशीवर वळवून पुन्हा तेच. पडद्यावर काळी लांबोळकी आकृती स्थिर करून त्यांनी तिची लांबी, रुंदी आणि खोली अशी तीन मापे घेतली: ७ सेंटिमीटर, ३ सेंटिमीटर आणि २.८ सेंटिमीटर. यांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणले की घनफळ येते. हा आकडा आला कोठून, असे मी विचारले, कारण शालेय गणिताचा मला अजून राग आहे. याचा उलगडा सोपा आहे. लिंबू त्याच्या अगदी बेताच्या खोक्यात बसवले तर ते खोक्याची निम्म्याहून किंचित अधिक जागा व्यापते. ते किंचित अधिक म्हणजे ०.५२. पित्ताशय लिंबासारखे सुडौल नसेल, वाकडे असेल किंवा त्याचे टोक टोपीसारखे मुडपलेले असेल, तर हा हिशेब चुकतो. तेव्हा काकडीच्या चकत्या कराव्यात तशा त्याच्या पडद्यावरच चकत्या कल्पून प्रत्येकीचे घनफळ मोजून बेरीज करतात. ही पद्धत १९८० साली अमेरिकेत एव्हरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरून दाखवली. अचूक आहे, पण वेळखाऊ. माझे लिंबू बऱ्यापैकी सुडौल निघाले. उपाशी अवस्थेतील साठा ३०.६ मिलिलिटर.

मग मी बाहेर येऊन शिरा खाल्ला. उपाशी बसलेल्या आठ-दहा माणसांच्या देखत वेलदोड्याचा वास सोडणारा शिरा खाणे हे जे धैर्याचे कृत्य आहे, त्याची नोंद कोणत्याही वैद्यकीय अहवालात होत नाही. समोरच्या भिंतीवर, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, असे सांगणारी पाटी होती. देशात याविषयीचा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला आणि केंद्राचा कायदा १९९४ साली आला. त्यामुळे या यंत्राइतकी नोंदणी, तपासणी आणि दफ्तरबंदी वैद्यकातल्या क्वचितच दुसऱ्या यंत्राच्या वाट्याला आली असेल. ज्या ध्वनीचा एका बाजूने इतका दुरुपयोग झाला, त्याच ध्वनीने गरोदर स्त्रीच्या पित्ताशयाविषयी फार मोलाची माहिती दिली, हे मात्र त्या बाकावर बसलेल्यांपैकी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

ती माहिती अशी. ज्या बायकांना मुले झाली त्यांना पित्ताचे खडे अधिक होतात, हे वैद्यांना फार पूर्वीपासून दिसत होते. पण का होतात, याचा शोध घेणार कसा? गरोदरपणात क्ष-किरण वर्ज्य आणि गोळ्याही वर्ज्य. सोनोग्राफीने हा मज्जाव उठवला. कोलोरॅडोतील ब्रेव्हरमन, जॉन्सन आणि कर्न यांनी गर्भवतींची पित्ताशये जेवणापूर्वी आणि जेवणानंतर मोजली आणि १९८० साली न्यू इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले, की पहिली तिमाही संपल्यावर पित्ताशयाचा उपाशी साठा आणि जेवणानंतर मागे राहणारी शिल्लक, ही दोन्ही जवळपास दुप्पट होतात. गर्भ टिकवण्यासाठी गर्भाशयाच्या स्नायूला सैल ठेवणारे संप्रेरक पित्ताशयाच्या स्नायूलाही सैल ठेवते; एकाचा गुण तो दुसऱ्याचा दोष. बाळंतपणानंतर पित्ताशय पुन्हा ताळ्यावर येते, पण तोपर्यंत पडून राहिलेल्या रसाने कधीकधी आपले काम करून ठेवलेले असते.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. ज्या रुग्णांना तोंडाने काही देता येत नाही आणि शिरेवाटेच सगळे पोषण द्यावे लागते, त्यांच्या आतड्यात अन्न उतरत नाही, म्हणून संप्रेरक सुटत नाही, म्हणून पित्ताशय आकसत नाही. मेसिंग आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या पित्ताशयांवर सोनोग्राफीने पाळत ठेवली आणि १९८३ साली सांगितले, की पहिल्या तीन आठवड्यांत फक्त ६ टक्क्यांच्या पित्ताशयात गाळ दिसला, चौथ्या ते सहाव्या आठवड्यात ५० टक्क्यांच्या, आणि सहा आठवड्यांनंतर सर्वांच्या. गाळ साचताना प्रत्यक्ष पाहायला मिळावा, तोही रुग्णाला सुईसुद्धा न टोचता, हे सामर्थ्य कोणत्याही पूर्वीच्या उपकरणाला नव्हते. कारण किरणांचा फोटो पुन्हा पुन्हा काढता येत नाही आणि ध्वनीचे चित्र दर पाच मिनिटांनी काढले तरी कोणाचे काही जात नाही. यातूनच आणखी एक गोष्ट कळली, की उपाशी पित्ताशयही स्वस्थ नसते. रिकाम्या आतड्यातून दर दीड-दोन तासांनी झाडलोटीची एक लाट जाते, आणि तिच्याबरोबर पित्ताशय आपल्या साठ्याचा तिसरा-चौथा हिस्सा सोडून पुन्हा भरून घेते.

आता आपल्याकडील उपवासांचा विचार येथे मनात आल्यावाचून राहत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, अशी ज्या उपवासाची ख्याती आहे, त्याबद्दल पित्ताशयाची काही तक्रार असण्याचे कारण नाही; दाण्याचे कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी हे तर बॉयडनच्या जेवणाचे महाराष्ट्रीय भाषांतरच म्हणावे लागेल. प्रश्न असतो तो खऱ्याखुऱ्या लांब लंघनांचा. आमच्या मुलुंड पश्चिमेला पर्युषणात केवळ उकळलेल्या पाण्यावर आठ-आठ दिवस काढणारी जैन कुटुंबे आहेत आणि त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदरच आहे. परंतु ज्यांना पूर्वीच गाळ किंवा खडा असल्याचे माहीत आहे त्यांनी असे व्रत आरंभण्यापूर्वी वैद्याला विचारावे, कारण या काळात साठा जोरकसपणे उपसला जात नाही. हीच गोष्ट वजन झपाट्याने उतरवण्यासाठी तेला-तुपाचा थेंबही न घेणाऱ्या नव्या पिढीच्या लंघनांची. त्यांतून खडे होतात हे आता चांगलेच ठाऊक झाले आहे. धर्माच्या उपवासाला निदान पारणे असते. या उपवासाला तेही नसते.

अर्ध्या तासाने मला आत बोलावले. मापे आली ६.२, २.४ आणि २.३, साठा १७.८ मिलिलिटर. आणखी अर्ध्या तासाने ५.२, १.९ आणि १.८, शिल्लक ९.२ मिलिलिटर. जमा ३०.६, शिल्लक ९.२, म्हणजे खर्च २१.४, जमेच्या शेकडा ७०. या शेकडेवारीला डॉक्टर मंडळी इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात, आणि सोनोग्राफीच्या या परीक्षेत ४० च्या खालचा आकडा पुष्कळ ठिकाणी कमी समजतात. माझे पित्ताशय उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले होते. ज्या अवयवाला मी सात वर्षे शिव्या देत होतो, तो बिचारा निर्दोष सुटला, आणि कळेचा तपास दुसऱ्या दिशेने सुरू झाला.

पण आकडा माझ्या बाजूने लागला म्हणून त्याच्या मर्यादा लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तीन मापांपैकी प्रत्येकात शेकडा पाचाची चूक एकाच दिशेने झाली, तर गुणाकारात ती शेकडा सोळाच्या घरात जाते. आणि श्वास थोडा कमी धरला किंवा आतड्यातला वायू आड आला, तर पाचाची चूक व्हायला काहीच लागत नाही. शिरा हे प्रमाणित औषध नव्हे. माझ्या घरचा आणि तुमच्या घरचा एकसारखा असणार नाही, म्हणून एका केंद्राचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो. शिवाय जठरच सुस्त असेल, जसे पुष्कळ मधुमेह्यांचे असते, तर तूप आतड्यात वेळेवर उतरतच नाही. हुकूमच कचेरीतून निघाला नाही आणि शिक्षा मात्र अंमलदाराला, असा तो अन्याय होतो. याला पर्याय म्हणून संप्रेरकच शिरेतून देतात आणि किरणोत्सारी द्रव्याने पित्ताशय कसे रिते होते ते मोजतात. हायडा नावाची ही तपासणी अणुवैद्यकाच्या विभागात होते, आणि या विद्येचे एक जुने पीठ आपल्याच शहरात, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, १९६३ सालापासून आहे. तासभर संथपणे संप्रेरक देऊन केलेल्या त्या परीक्षेत ३८ टक्के ही खालची मर्यादा धरतात. ती अधिक नेमकी आहे, पण महाग आहे, जागोजागी होत नाही, आणि गरोदर स्त्रीसाठी नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की कमी आकडा म्हणजे रोग नव्हे. कसलाही त्रास नसलेल्या माणसाचे पित्ताशयही कधी आळशी आढळते. अफूजन्य वेदनाशामके आणि रक्तदाबाची काही औषधे त्याला तात्पुरते सुस्त करतात. अशा आकड्यावरून सुरी उचलणे आता फार सोपे झाले आहे. १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी पहिले पित्ताशय काढले तेव्हा ते साहस होते. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी भारतातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली तेव्हापासून पोटावर चार छोट्या छेदांपलीकडे खूण राहीनाशी झाली, आणि लाखो रुग्णांची महिनाभराची खाट सुटली. हे ऋण मोठे आहे. पित्ताशयावाचून चालतेही, घोड्याला ते नाही, मोठ्या उंदराला (रॅटला) नाही, आणि माझ्या खिडकीच्या छज्ज्यावर बसून दिवसभर घुमणाऱ्या कबुतरांनाही नाही, आणि या तिघांपैकी एकाचीही पचनशक्ती मुंबईकराने शंका घ्यावी अशी नाही. दुखणारे खडे झाले तर ते काढावेच. पण खडा नाही, सूज नाही, आणि अवयव आपले काम करतो की नाही हेही कोणी पाहिलेले नाही, अशा स्थितीत केवळ संशयावरून त्याला हद्दपार करणे मला पटत नाही. माझ्या त्या प्रचारक स्नेह्यांना मी हे सांगून पाहिले. त्यांनी विषय बदलला.

सोनोग्राफी केंद्रे चालवणाऱ्यांना एक विनंती मात्र करून ठेवतो. तपासणी झाल्यावर अहवाल टंकून हाती पडेपर्यंत रुग्ण तुमच्या बाकावर तासभर बसतोच. ज्याला जेवणानंतर कळ येते आणि ज्याच्या पित्ताशयात खडा सापडत नाही, त्याच्या डॉक्टरांची संमती असेल तर त्या तासात त्याला काही तुपाचे खाऊ द्यावे आणि पुन्हा एकदा आत बोलवावे. यंत्र तेच, लेप तोच. शिरा तो घरून आणील.